गुरुवारची तक्रार

आमच्या बिल्डिंगमध्ये कशाबद्दलही कुरकुर करायची तर तिसऱ्या मजल्यावरच्या चाचांची परवानगी लागायची. हा अधिकार त्यांना कुणी दिला नव्हता. बहारीनच्या राजधानीतल्या, मनामातल्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये त्यांच्याआधी आलेलं कुणी उरलं नव्हतं, आणि चाचांना तेवढं पुरेसं होतं.

मी पुण्याहून इथे आलो तो ऐन जुलैत. एका कंपनीत हिशेब बघण्याची नोकरी, मुलगी लहान आणि भाड्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. पहिल्याच आठवड्यात आंघोळीला गेलो, थंड पाण्याचा नळ सोडला आणि खांदा भाजून बाहेर आलो. गच्चीवरची टाकी उन्हाळ्यात कधी निवतच नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर जिना उतरताना मी बायकोला मोठ्यानं सांगत होतो की या देशात नळाला चहाचं आधण येतं. समोरून एक उंच, सडपातळ गृहस्थ वर येत होते. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात कोथिंबिरीची जुडी. ते थांबले.

"मराठी काय? कुठले?"

"पुण्याचे."

"मी श्रीवर्धनकडचा. गीझर चालू हाय का बंद?"

"चालू आहे."

"बंद कर. इथे गीझर जूनमध्ये बंद करायचा आणि ऑक्टोबरात चालू करायचा. त्याची टाकी घरात असते ना, एसीच्या गारव्यात? तिच्यातलं पाणी निवतं. मग लाल खुणेचा नळ सोड. उन्हाळ्यात लाल तो थंड, निळा तो गरम. थंडीत परत सरळ."

मी आभार मानले आणि पाण्याबद्दल आणखी काहीतरी बोललो. त्यांनी जुडी वर करून मला गप्प केलं.

"किती दिवस झाले येऊन?"

"आठवडा."

"मग उन्हाबद्दल बोल. पाण्याला अजून वेळ हाय तुझ्या."

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. चाचांच्या मते पहिल्या वर्षी माणसानं फक्त उन्हाबद्दल बोलावं, कारण ऊन कुणाच्या मालकीचं नसतं आणि कुणाला लागत नाही. दोन-तीन उन्हाळे काढले की पाणी आणि धूळ. मग पार्किंग. लिफ्टबद्दल बोलायला दहा वर्षं तरी हवीत. इथल्या माणसांबद्दल मात्र कधीच नाही, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. "आपण भाडेकरू," ते म्हणायचे. "भाडेकरूनं भिंतीबद्दल बोलावं. मालकाच्या घरच्यांबद्दल बोलायचं काय काम?"

मला पार्किंगची परवानगी मिळाली तो दिवस आठवतो. सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, बाजूला गाड्यांची इतकी दाटी की मी गाडी तीन गल्ल्या पलीकडे लावून, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन घामानं निथळत येत होतो. चाचा बिल्डिंगच्या दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "आजपासून पार्किंगचं बोलायला हरकत नाय." त्याच महिन्यात ऑफिसात माझा पगार वाढला होता, पण त्याचा मला इतका आनंद झाला नव्हता.

कौतुकालाही त्यांचा हाच कायदा होता. माझा मेहुणा एकदा आठवडाभर आला होता. त्याला रस्ते आवडले, समुद्र आवडला, रहदारीची शिस्त तर फारच आवडली. चाचांकडे चहाला गेलो तेव्हा तो तासभर तेच सांगत होता. चाचांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते म्हणाले, "आठवड्यात एवढं आवडलं? दम धरा, पाहुणे. घाईनं आवडलेलं घाईनं नावडतं." मेहुणा गोंधळला. स्वयंपाकघरातून चाची म्हणाल्या, "यांचं मनावर घेऊ नका हो. माझ्या हातची बिर्याणी यांना लग्नानंतर सात वर्षांनी आवडली."

"आठ," चाचा म्हणाले.

ते एका माल सोडवणाऱ्या कचेरीत सीनियर क्लार्क होते. आयुष्य बंदरावरच्या कागदांमध्ये गेलेलं. स्वतःच्या तक्रारींना मात्र त्यांनी मर्यादा ठेवली नव्हती. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि माणूस आपल्याच दाराशी आंधळा होतो, ही एक. घराला पत्ता म्हणून फ्लॅट, बिल्डिंग, रस्ता आणि ब्लॉक असे चार आकडे असतात, तरी सामान आणणारा पोऱ्या फोन करून "कशाच्या जवळ?" असंच विचारतो, ही दुसरी. या दुसरीवर त्यांनी उपाय काढला होता. ते पत्ता सांगतच नसत. "कोपऱ्यावर ये आणि वर बघ, मी बाल्कनीत उभा हाय," असं सांगून खरोखर उभे राहात. सामान यायला उशीर झाला तर तेवढा वेळ उभे. आमची मुलगी शाळेच्या बसमधून उतरताना वर बघून सांगायची, "चाचा इज वेटिंग फॉर पिझ्झा."

पण त्यांची सगळ्यात लाडकी तक्रार गावाकडच्या फोनची होती. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, रविवारी कामाला सुरुवात. गावाकडचे सगळे नातेवाईक आपली सुट्टी बघून रविवारी सकाळी फोन करणार, आणि वर भारताचं घड्याळ अडीच तास पुढे. चाचा दाढी करत असताना फोन वाजायचा. "काय, आज सुट्टी ना? दुबईत काय म्हणतंय?" चाचांनी बहारीन हे वेगळं बेट आहे, वेगळा देश आहे हे पहिली काही वर्षं समजावून सांगितलं. पुढे पुढे ते "दुबई मजेत हाय" एवढंच म्हणून फोन ठेवायचे आणि अर्धी दाढी तशीच ठेवून चाचींना सांगत बसायचे. या बाबतीत त्यांनी मला पहिल्या वर्षापासून परवानगी दिली होती, कारण हा त्रास बहारीनचा नसून आपल्याच लोकांचा होता.

आता गुरुवारबद्दल सांगतो.

गुरुवार म्हणजे आमच्या आठवड्याचा शेवट. दुपारची नमाज झाली, ऊन जरा तिरपं झालं की चाचा बाल्कनीच्या दाराशी स्टूल घेऊन बसायचे, शेजारी चहा ठेवायचे आणि बिल्डिंगच्या मालकाला फोन लावायचे. मालक पुलापलीकडच्या मुहर्रकला राहणारे म्हातारे बहारिनी गृहस्थ. आमच्याकडचे सगळे त्यांना अरबाब म्हणत, म्हणजे मालक. त्यांच्या तरुणपणी मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे हिंदी चांगली. चाचांचा आवाज असा की फोन नसता तरी मुहर्रकला ऐकू गेला असता. चौथ्या मजल्यावर आम्हांला शब्द न् शब्द कळायचा.

आधी तब्येत. मग मुलं, नातवंडं, अंगणातला खजूर. हे व्हायला एक कप चहा लागायचा. मग चाचा घसा साफ करायचे.

"अरबाब, लिफ्ट फिर दूसरे माले पे रुकती है."

"इंशाल्ला, देखेगा."

"इंशाल्ला पिछले हफ्ते भी था."

"तो इस हफ्ते बड़ा इंशाल्ला."

दोघं हसायचे आणि फोन संपायचा. लिफ्ट कधी दुरुस्त व्हायची, कधी नाही. चाचा एका फोनमध्ये एकच तक्रार सांगायचे. मी एकदा त्यांना म्हणालो की चाचा, जिन्यातले दिवे, टाकी, लिफ्ट, सगळं एकदम सांगून टाका, वेळ वाचेल. हिशेबाच्या माणसाला असंच सुचणार. ते म्हणाले, "दोन सांगितल्या की माणूस दोन्ही विसरतो. आणि वेळ वाचवून काय करू? चाचीशी भांडू?"

"माझ्याशी भांडायला वेळ काढावा लागत नाही यांना," चाची म्हणाल्या.

गेल्या वर्षी उन्हाळा संपताना बिल्डिंगच्या दाराला एक नोटीस लागली. अरबाबांनी कारभार मुलाच्या हातात दिला होता. मुलाला बिल्डिंग आतून पुरती नवी करायची होती, आणि त्यासाठी दोन महिन्यांत सगळ्यांनी फ्लॅट रिकामे करायचे होते.

मी घरी जाऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. हात तसेच परातीत ठेवून ती म्हणाली, "आणि हिची दहावी?"

तोच प्रश्न होता. मुलीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. शाळा ईसा टाउनला, बस आमच्या दारातून जाणारी. तेवढ्याच भाड्यात, त्याच बसच्या वाटेवर दुसरा फ्लॅट मिळतो का हे मी आठवडाभर बघितलं. मिळत नव्हता. जिथे भाडं जमत होतं तिथे बस नव्हती, आणि बस होती तिथे भाडं आमच्या आवाक्याबाहेर. मुलीनं भिंतीवरचं अभ्यासाचं वेळापत्रक काढून ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, "बाबा, व्हॉट्स द पॉइंट? वॉल इज नॉट आवर्स."

बिल्डिंगमधली सगळी बिऱ्हाडं आमच्या हॉलमध्ये जमली. कुणी वकील म्हणालं, कुणी सह्यांचा अर्ज म्हणालं. मी एक निवेदन टाइप करून आणलं होतं. भाडं कुणीही कधी थकवलेलं नाही, करार कधी संपतात, सगळं क्रमानं. चाचा शेवटी आले आणि ते निवेदन त्यांनी नीट वाचलं.

"चांगलं हाय," म्हणाले. "पण हे न्यायचं नाय."

"का?"

"कागद घेऊन गेलास तर मुलगा बोलेल. हात हलवत गेलास तर म्हातारा बोलेल. आपल्याला कोण बोलायला हवाय?"

गुरुवारी दुपारनंतर चाचा आणि मी मुहर्रकला गेलो. मी कार चालवत होतो आणि चाचा मला सूचना देत होते. "तू आपणहून तोंड उघडायचं नाय. विचारलं तर बोल. आणि घड्याळ बघायचं नाय."

मुहर्रकच्या जुन्या घरांत पाहुण्यांसाठी एक मोठी खोली असते, मजलिस. तिन्ही भिंतींना लागून गाद्या, मध्ये मोकळी जागा. अरबाब एका कोपऱ्यात उशीला टेकून बसले होते. मुलगा दाराजवळ, हातात फोन. खजूर आला, वेलदोड्याचा कहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला. चाचांनी गुडघ्यांची चौकशी केली. उजवा बरा होता, डावा नाही. मग चाचांच्या गुडघ्यांवर बोलणं झालं. मग मुंबईत पूर्वी एक हलवाई होता त्याच्याबद्दल. मुलगा दोनदा बाहेर जाऊन आला. दहावी, बस, वेळापत्रक, सगळं त्या हलवायाच्या मिठाईत बुडतंय असं वाटत होतं.

मग चाचांनी घसा साफ केला. मी सरसावून बसलो.

"अरबाब, छत पे टंकी का ढक्कन उड़ गया है."

मला वाटलं आता सगळं संपलं. ज्या घरातून आम्हांला काढतायत त्या घराच्या टाकीचं झाकण! अरबाब बघतच राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले आणि मुलाकडे वळून अरबीत बराच वेळ बोलले. मुलगाही बोलला. मला त्यातलं एक 'खलास' तेवढं कळलं, आणि ते कशाबद्दल होतं याच्यावर आमचं सगळं अवलंबून होतं.

मुलगा माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत, सभ्यपणे म्हणाला की बिल्डिंग जुनी झाली आहे, माणसं आत असताना काम कसं करायचं ते तुम्हीच सांगा.

मला विचारलं होतं, म्हणून मी बोललो. म्हणालो, सर्वांत वरचे दोन फ्लॅट रिकामेच आहेत. आधी ते करा. मग दोन बिऱ्हाडं तिथे हलतील, त्यांचे फ्लॅट करा. अशी दोन-दोन करत वरून खाली या. सहा वेळा सामान हलेल, पण एकाही महिन्याचं भाडं बुडणार नाही. उलट रिकामी केलीत तर काम संपेपर्यंत बिल्डिंगचं उत्पन्न शून्य. मुलगा ऐकत होता. त्यानं फोनवर आकडेमोड केली आणि मान हलवली.

अरबाबांना आकड्यांत रस नव्हता. ते चाचांना म्हणाले, "ठीक है. सब रहेगा. तुम उधर रहेगा तो मेरे को मालूम पड़ेगा, काम बराबर होता है कि नहीं. गुरुवार को फोन करना."

चाचांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "अरबाब, मैं नहीं रहेगा. कंपनी खलास, वीज़ा खलास. अगले महीने मैं और मेरी घरवाली गाँव जाता है."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला हे माहीत नव्हतं. बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. अरबाबांनी हातातला पेला खाली ठेवला. "फिर?" एवढंच म्हणाले. मुलानंही फोनवरून मान वर केली. तो क्षण मला आवडला नाही. ठरलेलं पुन्हा मोडेल असं वाटलं.

चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "फिर ये करेगा फोन."

अरबाबांनी मला निरखलं. "इसको शिकायत करना आता है?"

"मैंने सिखाया है."

"कितना साल हुआ इधर?"

"बारह," मी म्हणालो.

अरबाबांनी चाचांकडे बघितलं. चाचांनी होकारार्थी मान हलवली, जणू माझ्या पासपोर्टवर शिक्का मारत होते. मग पुन्हा कहवा आला.

परतताना पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. मी विचारलं, "चाचा, जायचं ठरलंय हे मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू तिथे तोंड पाडून बसला असतास. तुझ्या तोंडावर सगळं छापलेलं असतं."

"तुम्ही तर जाणारच होतात. मग हे सगळं कशासाठी?"

"पोरीची दहावी हाय ना?" ते म्हणाले, आणि पुढच्या गाडीवाल्याला उद्देशून बरंच काही बोलले. रहदारीवर बोलण्याचा त्यांचा हक्क अजून महिनाभर शाबूत होता.

गेले तेव्हा त्यांचं सामान थोडंच होतं. चाचींनी कढीपत्त्याची कुंडी आमच्याकडे ठेवली आणि माझ्या बायकोला मिठीत घेऊन बराच वेळ काहीतरी कानात सांगितलं, जे मला अजून कळलेलं नाही. विमानतळावर चाचा मला म्हणाले, "पाणी, धूळ, लिफ्ट, आता सगळं तुझं." मी त्यांचा हात हातात घेतला. ते आत गेले, आणि काचेपलीकडे कुठल्या रांगेत उभं राहायचं यावरून तिथल्या माणसाला काहीतरी सुनावताना दिसले.

नंतरचा गुरुवार आला. मी बाल्कनीच्या दाराशी स्टूल ठेवलं, चहा घेतला आणि फोन लावला. तब्येत विचारली. डावा गुडघाही आता बरा होता. नातवंडं, खजूर, सगळं झालं. चहा संपला.

"हाँ, बोलो," अरबाब म्हणाले. "क्या टूटा?"

आता नेमकं सांगायचं तर काहीच टूटलेलं नव्हतं. मुलगा कामाचा निघाला. त्यानं आधी लिफ्ट नवी केली, मग टाकीला झाकण बसवलं, जिन्यात दिवे लावले. वरच्या दोन फ्लॅटांचं काम वेळेवर चाललं होतं. मी तसं खरं सांगणार होतो. पलीकडे शांतता होती. कुणाच्या तरी बोलण्याचा, टीव्हीचा, कसलाच आवाज नव्हता. म्हाताऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "स्वयंपाकघरातला नळ सांगा."

मी फोनवर हात ठेवला. "तो कुठे गळतो?"

"त्यांना कुठे दिसतोय?"

मी हिशेबात आयुष्य काढलं आहे. जे नाही ते आहे म्हणून मी कधी लिहिलेलं नाही. हात काढला आणि म्हणालो, "अरबाब, किचन का नल टपकता है."

"अच्छा!" आवाज एकदम उजळला. "इंशाल्ला, देखेगा."

"बड़ा इंशाल्ला या छोटा?"

ते हसले. मुलीनं आतून विचारलं, "बाबा, हू आर यू लाफिंग विथ?" तिचं वेळापत्रक पुन्हा भिंतीवर लागलं होतं.

इतक्या वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते दुसऱ्या सकाळी झालं. सुट्टीचा शुक्रवार असूनही दारात प्लंबर उभा. त्यानं नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला, खाली वाकून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहात होतो. आलोच आहोत तर काहीतरी करावं म्हणून त्यानं पान्हा काढला, नळ सगळा खोलला, आतला वायसर बदलला, जोर लावून आवळला आणि गेला.

त्या दिवसापासून तो नळ खरोखर गळतो. पुढच्या गुरुवारी मला काही शोधावं लागलं नाही.